पावकी-निमकी ते ‘वीस एक’ : महाराष्ट्रातले शालेय गणित

मराठी मुलाला दीड, अडीच, सव्वा, पाऊण हे शब्द शाळेत जाण्याआधीच ठाऊक असतात. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीच हजार म्हणजे २,५०० हे सांगायला त्याला अपूर्णांकांचा धडा लागत नाही. हे शब्द बाजारातून भाषेत आले आणि भाषेतून शाळेत शिरले. महाराष्ट्रातल्या जुन्या शाळांचे गणित या शब्दांभोवतीच उभे होते. पुढे बाजार बदलला, नाणी बदलली, शाळेत येणारी मुले बदलली आणि त्यांच्या मागोमाग गणित शिकवण्याची रीतही बदलत गेली.

इंग्रजी अमलापूर्वी गणिताचे शिक्षण दोन वेगळ्या वाटांनी चाले. एक वाट शास्त्राची. भास्कराचार्यांनी १२व्या शतकात ‘लीलावती’ रचली. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १३व्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मठाला नेमून दिलेल्या उत्पन्नाच्या बाबी त्यात सांगितल्या आहेत. हे शिक्षण संस्कृतात चाले आणि ज्योतिषाच्या अभ्यासाशी जोडलेले असे. सर्वसामान्य व्यापारी किंवा कारकून त्या वाटेला जात नसे.

दुसरी वाट पंतोजींच्या शाळेची. देवळाच्या ओवरीत, एखाद्या सावकाराच्या पडवीत किंवा पंतोजींच्याच घरी ही शाळा भरे. छापील पुस्तक नसे. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे आणि आकडे गिरवायचे, पुढे बोरूने मोडी लिहायला शिकायचे आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मोठ्याने उजळणी म्हणायची, असा दिवस जाई. ‘एकं, दहं, शतं, सहस्र’ या क्रमाने स्थाने पाठ होत. मग तीसपर्यंतचे पाढे. त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे.

आज हे पाढे घोकंपट्टीचा अतिरेक वाटतात. त्या काळच्या बाजारात मात्र ते रोज लागणारे हत्यार होते. शेराला सात आणे दराने साडेतीन शेर गूळ घेतला तर किंमत काय? औटकी पाठ असलेला मुलगा ‘सात औटे साडेचोवीस’ म्हणून मोकळा होई. साडेचोवीस आणे म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. कागद नाही, गुणाकार मांडणे नाही. कागद महाग होता आणि दुकानात गिऱ्हाईक समोर उभे असे. उत्तर तोंडातूनच यावे लागे. चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे एकमेकांच्या दुपटीत किंवा चौपटीत वाढत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण या अपूर्णांकांशी रोजची गाठ पडे आणि दशांशाची गरज कोणाला भासत नसे.

थोरल्या मुलांनी धाकट्यांकडून उजळणी म्हणवून घेणे हाही या शाळांचा नेम होता. अँड्र्यू बेल या पाद्र्याने १८व्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये देशी शाळांतली ही रीत पाहिली. तिच्यावरून त्याने इंग्लंडमध्ये जी पद्धत रूढ केली ती मॉनिटर पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली आणि पुढे इंग्रजांबरोबर भारतात परत आली.

या शाळांचे गुण सांगताना त्यांची मर्यादा लपवू नये. पंतोजींची शाळा हिशेब ठेवणाऱ्यांची शाळा होती. तिथे मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी अशा लेखणीच्या आणि तराजूच्या जातींची मुले येत. मुली जवळजवळ नसत, अस्पृश्य मानलेल्या जातींना तर दारच बंद होते. का होते, कसे होते, हे विचारायची सोय नव्हती. छडी आणि पाठांतर यांवर सगळा भर होता.

१८१९ ते १८२७ या काळात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. १८२२च्या सुमारास मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि शालेय पुस्तके तयार करण्यासाठी एक संस्था उभी राहिली. पुढे ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली गेली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे इंजिनिअर होते. त्यांनी मराठी शास्त्र्यांच्या मदतीने अंकगणित, बीजगणित आणि भूमिती यांची मराठी पुस्तके तयार करवून घेतली. मराठी मुलाच्या हातात गणिताचे छापील पुस्तक पहिल्यांदा आले ते असे.

पुस्तक हातात येण्याने शिक्षणाची घडीच बदलली. पंतोजींच्या शाळेत गणित कानाने शिकायचे होते, आता ते डोळ्यांनी शिकायचे झाले. नियम, त्याखाली सोडवून दाखवलेले उदाहरण आणि त्याखाली मुलाने सोडवायची उदाहरणे ही मांडणी आली. ती इतकी पक्की बसली की आजही पुस्तक उघडले की तीच दिसते. पुस्तकासाठी शब्दही घडवावे लागले. काही ‘लीलावती’च्या परंपरेतून उचलले, काही संस्कृत धातूंवरून बनवले. अंश, छेद, त्रिज्या, कर्ण यांसारख्या शब्दांमागे जुनी शास्त्रीय परंपरा आहे. पंतोजींच्या शाळेत कधी न आलेले हे शब्द अशा रीतीने खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचले. जी वाट मठात संपत होती ती छापखान्याने शाळेशी जोडली. १९व्या शतकातल्या मराठी शिक्षणाने केलेले हे काम फार मोलाचे आहे आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते.

पुढच्या पिढीत बाळशास्त्री जांभेकर यांनी एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवले आणि ‘शून्यलब्धि’ या नावाने कलनशास्त्रावर मराठीत लिहिले. लोकमान्य टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी अंकगणिताची पाठ्यपुस्तके तयार केली. १८४८मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. तिथे वाचन-लेखनाबरोबर गणितही शिकवले जाई. मुलीला हिशेब कशाला, या त्या काळच्या प्रश्नाला ते कृतीतून दिलेले उत्तर होते.

१८५५मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले, १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि थोड्याच काळात मॅट्रिकची परीक्षा शालेय शिक्षणाचे शिखर ठरली. गणिताची परीक्षा आता बाजार घेत नव्हता, विद्यापीठ घेत होते. मॅट्रिकसाठी युक्लिडची भूमिती आली आणि तिच्याबरोबर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही मांडणी. तर्काने एकेक पायरी चढत जाणे ही या भूमितीची खरी देणगी. वर्गात मात्र अनेकदा सिद्धताच पाठ केल्या जात. पाढ्यांची जागा प्रमेयांनी घेतली, पाठांतर तसेच राहिले. पाढा पाठ असला तर निदान गूळ घेताना कामी येई. न समजता पाठ केलेले प्रमेय परीक्षेच्या दालनाबाहेर कुठेच उपयोगी पडत नसे.

अंकगणितात एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या राहिले, फक्त ते सोडवण्याची रीत बदलत गेली. आठ गज कापडाला बारा रुपये पडतात, तर चौदा गजांना किती? ‘लीलावती’च्या परंपरेत हे त्रैराशिक. आठ हे प्रमाण, बारा हे फळ, चौदा ही इच्छा. इच्छेला फळाने गुणायचे, प्रमाणाने भागायचे, उत्तर २१ रुपये. रीत चटकन चालते, पण ती का चालते हे तिच्यात दिसत नाही. पुढे शाळांत एकमान पद्धत रूढ झाली. आधी एका गजाची किंमत काढायची, बारा भागिले आठ म्हणजे दीड रुपया. मग तिला चौदाने गुणायचे. एक पायरी वाढली, पण प्रत्येक पायरीला अर्थ आला. आजचा माध्यमिक शाळेतला विद्यार्थी किमतीला ‘क्ष’ मानतो, दोन गुणोत्तरे समान मांडतो आणि समीकरण सोडवतो. तिन्ही रीतींतला आकडेमोडीचा भाग एकच आहे. मुलाने कशाकडे लक्ष द्यावे, हे तेवढे प्रत्येक रीत वेगळे ठरवते.

विसाव्या शतकात शाळेच्या चौकटीबाहेरचे विचार येऊ लागले. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. तीच नई तालीम. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. सूत कातताना ते मोजायचे, कापसाचे वजन करायचे, मजुरीचा हिशेब ठेवायचा आणि त्यातून गणित शिकायचे, अशी कल्पना होती. पंतोजींच्या शाळेप्रमाणे इथेही गणित व्यवहारातून येत होते. फरक एवढाच की व्यवहार दुकानदाराचा नव्हता, हाताने काम करणाऱ्याचा होता आणि शाळा सर्वांसाठी होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. खडे, बिया, पाने, शिंपले ही त्यांची साधने होती. संख्या आधी हातात यावी, मग तोंडात आणि शेवटी पाटीवर, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. आजच्या बालवाड्यांत जे मणी आणि दांडे दिसतात ते अशाच प्रयोगांची आठवण देतात.

मुलाच्या वहीतले गणित प्रत्यक्ष बदलले ते मात्र एका कायद्याने. १ एप्रिल १९५७ला भारतात दशमान नाणी आली. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होत, त्याऐवजी १०० नवे पैसे झाले. त्याआधीच्या मुलाने ७ रुपये १३ आणे ९ पै यांना ६ने गुणायचे म्हटले की असे करावे लागे : नऊ सक चोपन्न पै, म्हणजे ४ आणे ६ पै, पै ६ लिहून ४ आणे हातचे. तेरा सक अठ्ठ्याहत्तर आणि चार ब्याऐंशी आणे, म्हणजे ५ रुपये २ आणे. सात सक बेचाळीस आणि पाच सत्तेचाळीस. उत्तर ४७ रुपये २ आणे ६ पै. आता तेवढ्याच कामाला ७.८६ गुणिले ६ बरोबर ४७.१६ एवढे पुरते. पाठोपाठ १९५८ ते १९६२ या काळात शेर, मण, गज जाऊन किलोग्रॅम, लिटर, मीटर आले. पाठ्यपुस्तकातले मिश्र परिमाणांचे लांबलचक प्रकरण गळून पडले. औटकी-अडीचकीचा आधारही त्याबरोबर गेला, कारण ज्या बाजारासाठी ती होती तो बाजारच उरला नाही. उजळणीच्या छोट्या पुस्तकांत हे पाढे पुढेही छापले जात राहिले आणि आजी-आजोबा नातवंडांकडून ते हौसेने म्हणवून घेत राहिले.

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेची पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. त्याआधी हंसा मेहता यांच्या समितीने मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नसावेत असे सांगितले होते. या दोन शिफारशींचे वजन मोठे आहे. गणित हा निवडक मुलांचा विषय राहिला नाही, प्रत्येक मुलाचा झाला. २७ जानेवारी १९६७ला बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभरातल्या शाळांना एकच पाठ्यपुस्तक मिळू लागले. १९७५मध्ये नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि जुनी अकरावीची मॅट्रिक इतिहासजमा झाली.

याच सुमारास जगभर ‘नवगणिता’ची लाट होती. १९५७मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपले विज्ञानशिक्षण मागे पडल्याची धास्ती वाटली. संच, संख्यांचे गुणधर्म, गणिताची तार्किक रचना हे शाळेत खालच्या वर्गांपासून आणावे असा आग्रह धरला गेला. १९७०च्या दशकात मराठी पुस्तकांतही संच, संयोग, छेद, उपसंच आले. घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांना हे गणित अगदी अनोळखी होते. अमेरिकेत गणितज्ञ मॉरिस क्लाइन यांनी १९७३मध्ये या प्रयोगावर कडक टीका करणारे पुस्तक लिहिले. मुलाला साधी बेरीज येण्याआधी तिचे नियम शिकवणे उलटे आहे, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. खालच्या वर्गांतून संच पुढे हटले, पण पूर्ण गेले नाहीत. बालभारतीच्या २०१७च्या नववीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण संचांचे आहे आणि त्या वयाला ते शोभतेही.

अभ्यासक्रमाबाहेर एका शाळामास्तरांनी वेगळीच वाट दाखवली होती. देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर वर्गात शिकवत आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हेच पुन्हा करत जावे. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता येते. तिसरी-चौथीच्या मुलाला जमेल अशा वजाबाकीत एवढे नवल दडलेले असते, हे शालेय पुस्तकांना कळायला बराच काळ जावा लागला.

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ती दिशा धरली. उत्तर काढण्यापेक्षा विचाराला गणिती वळण लागणे हे गणित शिकवण्याचे मुख्य उद्दिष्ट मानले गेले आणि गणिताची भीती ही शिक्षणव्यवस्थेची समस्या म्हणून मांडली गेली. प्राथमिक वर्गांत नोटा, मण्यांच्या माळा, दशकांचे दांडे आले. ‘एकं, दहं, शतं’ कधीच मागे पडून ‘एकक, दशक, शतक’ रूढ झाले होते. वजाबाकीची रीतही बदलली. जुन्या रीतीत ५२ मधून २७ वजा करताना वरच्या दोनाचे बारा करायचे आणि त्याचा हातचा खालच्या दोनात मिळवून तीन करायचे. उत्तर बरोबर येई, कारण कळत नसे. नव्या रीतीत पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा, त्याचे दहा एकक दोनात मिळवायचे, चार दशक उरतात. दांड्यांच्या जुड्या सोडून मूल हे स्वतः करून पाहू शकते. घरी आई जुनी रीत दाखवते, शाळेत बाई नवी, आणि मूल मध्ये अडकते, हे अनेक घरांत घडले.

सेमी-इंग्रजीचा प्रसार हा आणखी एक बदल. भाषा आणि समाजशास्त्र मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत, अशी ही व्यवस्था. लसावि-मसाविची जागा एलसीएम-एचसीएफने घेतली. पुढच्या शिक्षणासाठी पालकांना ती सोयीची वाटते. पण शाब्दिक उदाहरणाची भाषाच कळली नाही तर गणित येणारे मूलही अडते. इंग्रजी नीट न येणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात हे नुकसान दुप्पट होते.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘त्र्याहत्तर’बरोबर ‘सत्तर तीन’ असे वाचन दिले गेले आणि मोठा गदारोळ झाला. विधिमंडळातही त्यावर चर्चा झाली. मराठीत संख्या लिहिताना दशक आधी आणि वाचताना एकक आधी येतो. त्यात त्र्याण्णव, ब्याऐंशी अशी जोडाक्षरे. एकोणतीस, एकोणसाठ पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेले, तर नव्व्याण्णव त्याला अपवाद. मुलाला शंभरपर्यंतचे बहुतेक शब्द सुटे सुटे पाठ करावे लागतात. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी स्पष्ट केले होते की जुनी नावे काढलेली नाहीत, संख्या समजायला सोपी जावी म्हणून दुसरी वाट दिली आहे. नॉर्वेने १९५१मध्ये असाच बदल संसदेच्या निर्णयाने केला होता. तिथेही आधी एकक आणि मग दशक बोलण्याची रीत होती, ती अधिकृतपणे उलट करण्यात आली.

भाषेचे सौंदर्य जपावे हा विरोधकांचा मुद्दा खोटा नव्हता, पण तो सहा-सात वर्षांच्या मुलाच्या अडचणीपुढे हलका पडतो. ‘असर’च्या २०२२च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी सुमारे चौथा भागच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागू शकला. २०२१मध्ये केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि २०२६-२७पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस पायाभूत वाचन आणि गणित यावे असे उद्दिष्ट ठरवले. बाजारासाठी सुरू झालेले शालेय गणित आज या टप्प्यावर आहे. घरात पहिली-दुसरीचे मूल असेल तर त्याला एकवीस आणि वीस एक दोन्ही म्हणू द्यावे, आणि पाढा म्हणून झाला की चार-पाच बिया त्याच्या हातात ठेवून तो मांडून दाखवायला सांगावे.